बाबांना कोट घातला

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी मला एकच साधी गोष्ट करायची होती: त्यांचा तरुणपणीचा फोटो मोठा करून आणायचा. साधी! त्यासाठी शारजाच्या रोल्ला बाजारात चार फेऱ्या झाल्या, आणि पार्किंग शोधताना मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

फोटो काडेपेटीएवढा, साठच्या दशकातला, रत्नागिरीच्या स्टुडिओतला. विशीतले बाबा एक पाय स्टुलावर ठेवून उभे. कपाळावर केसांचा कोंबडा, टोकदार बूट, आणि ती पँट! इतकी चिंचोळी की पायाला कागद गुंडाळल्याशिवाय टाच आत सरकत नसे. स्थळांना पाठवायचा फोटो म्हणून माझ्या आजोबांनी त्यांना बजावलं होतं, "स्टुडिओतला कोट घाल." तेव्हा स्टुडिओत गिऱ्हाइकांसाठी एक कोट टांगलेलाच असायचा; गावातले सगळे नवरदेव त्याच एका कोटात. बाबांनी तो घातला नाही. आजोबा आठवडाभर बोलले नाहीत. एवढं एकच बंड बाबांच्या नावावर जमा.

शारजात वाढलेल्या माझ्या मुलाला हे पटेना. "आजोबा, यू वेअर बॉर्न इन अ स्वेटर!" बाबा हसले. मग मला बाजूला घेऊन पाकिटातून फोटो काढला. "त्याला एकदा नीट दिसू दे गं."

रोल्लातला स्टुडिओवाला दिवसभर व्हिसाचे फोटो काढतो, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं. पहिल्या फेरीत त्याने अभिमानाने स्क्रीन वळवला. मागे पांढराशुभ्र पडदा, कोंबडा साफ, आणि अंगात कोट-टाय!

"कोट किसने बोला था?"

"सबको डालते हैं, मॅडम. फ्री है."

दुसऱ्या फेरीत कोट गेला, पण कमरेखालचे बाबाही गेले. "पाँव का क्या काम, मॅडम?" तिसऱ्या फेरीत पाय परत आले, पण पँट ऐसपैस. "बहुत टाइट था. फिटिंग ठीक कर दिया." मी त्याच्या स्टुलावर बसून आधी हसले, मग रडायच्या बेतात आले.

"भैया, कुछ भी ठीक मत करो. सिर्फ दाग निकालो और बडा करो."

"कल शाम, इन्शाल्ला."

चौथ्या फेरीत फ्रेम खोक्यात बांधून तयार होती. केक गाडीत वितळत होता, म्हणून मी उघडून पाहिली नाही. माझीच चूक.

घरी सगळ्यांसमोर बाबांनी खोकं उघडलं. आत कोट होता. पहिल्या फेरीतलाच, टायसकट, भिंतीएवढा.

"नाइस कोट, आजोबा," मुलगा म्हणाला.

"साठ वर्षं टाळला होता," बाबा म्हणाले. "शेवटी गाठलंच आमच्या बापाने."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. बाबांनी मात्र स्कॅन झाल्यावर पाकिटात परत ठेवलेला मूळ फोटो काढला, चिकटपट्टी मागितली आणि काचेवर बरोबर टायच्या जागी तो चिकटवला. मुलगा सोफ्यावर चढला. एवढासा फोटो दिसेना, म्हणून मोबाइलवर मोठा करून पाहू लागला आणि एकदम ओरडला, "व्हॉट! हाऊ डिड यू ईव्हन गेट इन?"

"तुझी एखादी घट्ट जीन्स काढ, दाखवतो. आणि पेपर आण."

आमच्याकडे पेपर कुठला यायला! सगळं घर उलटंपालटं केलं, एक पान मिळालं नाही. शेवटी चरफडत मी पायांना गुंडाळायला स्वयंपाकघरातून दोन कॅरीबॅग आणून दिल्या.