कुलकर्ण्यांची कोथिंबीर

आमच्या गारखेड्याच्या बिल्डिंगमध्ये किस्से घडवावे लागत नाहीत, आपोआप साचतात. संध्याकाळी गच्चीवर चहाला मी, शेजारचे कुलकर्णी आणि खालच्या मजल्यावरचे सलीमभाई जमलो, की गप्पा क्रिकेटवरून निघोत नाहीतर नळाच्या पाण्यावरून, येऊन थांबतात कोथिंबिरीवर. बहुतेक किश्श्यांत फजिती माझीच असते. म्हणून मीच सांगून टाकतो. नाहीतर कुलकर्णी सांगतात, आणि ते चांगलं सांगतात याचाही मला राग येतो.

आधी दुखणं सांगतो. मी शेतकऱ्याचा पोरगा. गावाकडं अजून शेती आहे, भाऊ करतो. कुलकर्ण्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पूजा आणि लेखणी, नांगर कुणी धरलेला नाही. आणि त्यांच्या बाल्कनीत कोथिंबीर अशी येते की माझ्या बाल्कनीतून ती बघवत नाही. खरंच बघवत नाही.

*

पहिल्या खेपेला मी कुणालाच विचारलं नाही. शेतकऱ्याच्या पोरानं धने पेरायला विचारायचं कुणाला? स्वयंपाकघरातल्या डब्यातून मूठभर धने घेतले, कुंडीत टाकले, रोज सकाळी पाणी घातलं. कुलकर्ण्यांकडं हिरवं दिसायला लागलं, माझी माती काळी ती काळीच.

शेवटी बायको कुंडीपाशी आली. "धने कुठले घेतले व्हते?"

"डब्यातले."

"अव, ते मसाल्यासाठी भाजून ठिवलेत म्या."

हे सलीमभाईंपर्यंत पोचलंच. चहा ओतता ओतता त्यांनी गंभीरपणे विचारलं, "पाटीलसाब, गाँव में कित्ते एकर बोले थे आप?"

*

धना पेरायच्या आधी रगडून त्याचे दोन भाग करावे लागतात. आमच्याकडं तो चपलेखाली रगडतात. कुलकर्णी मात्र पोळपाटावर ठेवून लाटण्यानं, हलक्या हातानं. अन्नाला पाय लावायचा नाही म्हणे.

म्हटलं, यांना एकदा खरी पद्धत दाखवूच. बाल्कनीत त्यांच्या डोळ्यांसमोर फरशीवर धने पसरले आणि चपलेनं रगडायला लागलो. समोर त्यांची हिरवीगार कुंडी दिसत होती, त्यामुळं जोर जरा जास्तच लागला.

कुलकर्णी कठड्यावरून वाकून बघत होते. "पाटील," ते म्हणाले, "थोडं जिरंही घ्या. मसाला तयार होईल."

*

मग मी गावाकडून शेणखताचं पोतं आणलं, कुंडीत भरून धने पेरले. या वेळी मात्र उगवलं! बारीक, कातरलेली, हिरवी पानं. मी दोघांना घरी बोलावलं, बायकोला पोहे करायला लावले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कुलकर्ण्यांनी एक पान चुरगाळून वास घेतला आणि पोह्यांचं कौतुक केलं. फार सभ्य माणूस. त्याचाही मला राग येतो.

"गावरान आहे," मी म्हणालो. "वास उशिरा येतो."

सलीमभाईंनी चष्मा पुसून कुंडीत नीट पाहिलं. "पाटीलसाब, ये तो गाजरगवत है. इसको बकरी भी नहीं खाती."

तेच गवत उपटण्यात माझ्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या होत्या.

*

त्यानंतर बायको भाजी फोडणीला टाकली की मला सांगायची, "भाऊजींकडून चार काड्या आणा." कुलकर्ण्यांच्या दारात हात पसरून उभं राहण्यापेक्षा बिनकोथिंबिरीचं जेवलेलं बरं. एकदा खालीच जरा रेंगाळलो, मग गेलोच नाइलाजानं त्यांच्याकडं. कोथिंबीर पिशवीत घातली, घरी आलो आणि म्हणालो, "गाडीवाल्याकडं ताजी होती, घेतली."

कुलकर्णी कोथिंबीर उपटत नाहीत, वरून कात्रीनं कापतात, म्हणजे खालून पुन्हा फुटते. बायकोनं जुडी उलटी करून बघितली. मूळ एकही नाही.

"गाडीवाला लईच शिकलेला दिसतोय," ती म्हणाली.

*

यंदा मी कुलकर्ण्यांसारखंच सगळं केलं. पोळपाट, लाटणं, हलका हात, रात्रभर भिजत ठेवणं. पेरलं आणि नेमका लेकीचा खुलताबादहून फोन आला, बाळंतपण जवळ आलंय, दोघंही या. कुंडीला पाणी घालायला घराची किल्ली कुणाकडं द्यायची? सलीमभाई लग्नाला गेलेले. द्यावी लागली कुलकर्ण्यांकडंच.

नात झाली. बारसं उरकून महिन्याभरानं परत आलो. कुलकर्ण्यांनीच दार उघडलं. बाल्कनीत पाऊल टाकलं आणि थांबलो. माझ्या कुंडीत कोथिंबीर मावत नव्हती. वास पार दारापर्यंत. मधे नळाला पाणीच आलं नव्हतं, तर त्यांनी आपल्या ड्रममधलं पाणी घातलं होतं. मी मनातल्या मनात हिशोब लावत होतो की पेरली मी, मग ही माझी की त्यांची.

"मी काय, पाणी घातलं फक्त," कुलकर्णी म्हणाले. "पेरणी तुमची." आणि त्यांनी किल्ली माझ्यापुढं धरली.

मी हात पुढं केला. बायको कोथिंबिरीवरून हात फिरवत उभी होती. मागं न बघताच म्हणाली, "राहू द्या भाऊजी, तुमच्याकडंच."