रक्त थांबवणारं ऑर्किड

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी माझ्या कपाळावर एवढा मोठा मळवट का भरला होता, हे अंगणात जमलेल्या तुम्हा बायकांपैकी एकीनेही विचारलं नाही. गरजच नव्हती. आप्पांचा आवाज तुमच्या स्वयंपाकघरांपर्यंत पोचला होता. पोरगी एकटी परदेशी जाते म्हणजे बापाचं नाक कापते, असं ओरडत त्यांनी पितळी तांब्या फेकून मारला आणि माझं कपाळ फुटलं. आईने जखमेत हळद दाबली, वर कुंकू लिंपलं, अक्षता चिकटवल्या आणि औक्षण केलं. "विमानतळावर कोणी विचारलं तर देवाचं आहे म्हण," ती कानात म्हणाली. रक्त कुंकवाखालून भुवईपर्यंत ओघळलं तेव्हा तुमच्यातल्या एकीने ते पदराने टिपलं. "घाम आलाय पोरीला," म्हणाली.

न्युरेम्बर्गमध्ये माझं बरं चाललंय. सॉफ्टवेअरची नोकरी आहे, दोन खोल्यांचं वोनुंग, म्हणजे फ्लॅट, आहे. इथे रविवारी भिंतीत खिळा ठोकला तरी शेजारी दारात येऊन शांतता पाळायला सांगतात. आपल्याकडे आप्पा आईचं डोकं भिंतीवर आपटायचे आणि तुम्ही टीव्ही मोठा करायचात. माझ्यासारख्या ज्या निघून आल्यात, त्यांना हे ठाऊक असेल: कुठेही दार आपटलं की हात आपोआप डोक्यावर जातात. माझे ऑफिसातही जायचे.

या वसंतात आई तीन महिन्यांच्या व्हिसावर आली. मनगटाला रुमाल गुंडाळलेला, त्याखाली पू. "बांगड्या वाढल्या," ती म्हणाली. फुटल्या म्हणायचं नाही, नवऱ्याच्या आयुष्यावर येतं. निघायच्या आदल्या दिवशी आप्पांनी तिचं मनगट पिरगाळून उंबऱ्यावर आपटलं होतं, आणि हिला त्यांच्या आयुष्याची काळजी! माझं डोकं इतकं फिरलं की हातातला कप मी सिंकमध्ये आपटून फोडला. आई दचकून कोपऱ्यात सरकली. मी कोणाची मुलगी आहे ते मला तेव्हा कळलं, आणि स्वतःचीच शिसारी आली.

आमच्या तळमजल्यावर फ्राऊ लिन, म्हणजे लिनबाई, राहतात. चीनमध्ये त्यांच्या वडिलांचं जडीबुटीचं दुकान होतं. मागच्या अंगणात त्या एक ऑर्किड लावतात. जर्मन लोक ते जांभळ्या फुलांसाठी विकत घेतात, फ्राऊ लिन मात्र कंदासाठी. शरदात कंद खणायचे, उकडायचे, सोलून वाळवायचे आणि पूड करायची. तिला त्या बाइजी म्हणतात. चिनी वैद्यकात ती रक्त थांबवायला वापरतात, खोकल्यातून पडणारं, पोटातलं, जखमेतलं. त्यांनी पुडीची डबी काढून हे सांगितलं, मी ते मराठीत सांगताच आईने रुमाल सोडून हात पुढे केला. फ्राऊ लिननी डबी मागे घेतली.

"एर्स्ट राउस, दान त्सू," त्या म्हणाल्या. आधी आतलं बाहेर, मग बंद. ही पूड चिकट असते, घाण आत असली तर तिच्यावरच झाकण बसवते. मग मी आईला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी चिमट्याने हिरव्या काचेचे तुकडे काढले आणि कसं झालं ते विचारलं. आईने माझ्याकडे पाहिलं. मी जर्मनमध्ये खरं ते सांगितलं. तिला भाषा कळली नाही, पण डॉक्टरांचा चेहरा कळला. घरी येताना ती बसमध्ये माझ्यापासून लांबच्या सीटवर बसली.

पू गेल्यावर, डॉक्टरांना विचारून, फ्राऊ लिननी स्वतः पूड भुरभुरली आणि त्यांच्याकडची एक जुनी गोष्ट सांगितली. तुरुंगात एका कैद्याला इतकं मारलं की तो रक्त ओकायला लागला. पेजेबरोबर ही पूड घेऊन तो सावरला. पुढे त्याला देहदंड झाला. जल्लादाने छाती चिरली तेव्हा फुप्फुसातली भोकं या पुडीने बुजलेली दिसली. औषध किती गुणी, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मी मराठीत सांगत होते तशी आई बँडेजकडे बघत राहिली.

"म्हणजे बरा झाला आणि मग मारला," ती म्हणाली.

मी ते फ्राऊ लिनना सांगितलं. त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर.

संध्याकाळी आप्पांचा रोजचा व्हिडिओ कॉल आला. "ये तू, तंगडंच मोडतो." आईने फोन माझ्याकडे दिला नाही.

"अहो, ते घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलंय. मी येईन तेव्हा तुम्ही तिथे नको. भावाकडे जा. नाही गेलात तर पोलिसांना घेऊन दारात येईन. मनगटात काच कोणी घुसवली तेही सांगेन."

ते हसले, मग घाणेरड्या शिव्या दिल्या. त्यांचा फोन कशावर तरी आदळला आणि आमची स्क्रीन काळी झाली. आईने फोन टेबलावर पालथा ठेवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी येतोय, मी ऑफिसात उरलाउब, म्हणजे रजा, टाकली आहे. मला भीती वाटते. ते सुखासुखी जाणाऱ्यातले नाहीत. इतकी वर्षं माझ्यासाठी घर म्हणजे ज्याचं दार आपल्याला आतून लावून घेता येतं ती जागा. म्हणून आईला म्हटलं, "इथेच राहा ना. व्हिसाचं काहीतरी बघू."

"तुझं घर चांगलं आहे गं," ती म्हणाली. "पण मला माझ्या घरात झोपायचंय. कडी न लावता."