उजवा कौल मिळालेली गाडी

समीक्षाने पाच वर्षं कुडाळच्या एका शोरूममध्ये पिकअप गाड्या विकल्या. आमच्या आरोंद्यात कुणी मला, तिच्या आईला, विचारलं, "चेडू काय करता गो?" की मी सांगायची, "गाड्यांच्या कंपनीत आसा." पिकअप हा शब्द गाळायची. आई बी.ए., मुलगी बी.कॉम., आणि विकायचं काय, तर चिरे आणि मासे वाहणाऱ्या गाड्या. तिला स्वतःला मात्र त्या शब्दाची कधी लाज वाटली नाही.

विकायची तिची रीत वेगळी होती. माहितीपत्रक ती फारसं काढायचीच नाही. डेमोची गाडी गिऱ्हाइकाच्या खळ्यात उभी करायची, मागचा फाळका पाडायची आणि त्या घरात जो माल असेल तो खरोखर भरायला लावायची. नारळ, आंब्याच्या पेट्या, काजूची पोती. मग भरल्या गाडीतून फेरी. बायकांना फाळक्यावर बसवून चहा प्यायची. "पुरुष इंजिन बघतत, बायको माल बघता," मला सांगायची, "आणि गाडी घरात येता ती बायकोच्या तोंडान."

पूर्वी तिला प्रश्न एकच यायचा, "किती चिरे मावतले?" गेल्या दोन-तीन वर्षांत प्रश्न बदलले. मागे एसी आहे का, पोरांना बसायला किती जागा, पुढची स्क्रीन केवढी मोठी. गोव्यात मोपाला विमानतळ झाला, किनाऱ्याला घरोघरी होमस्टे निघाले. थोडा माल असलेले विजेवरच्या छोट्या गाड्या घेऊ लागले, पुष्कळ माल असलेले ट्रकवाल्याला बोलावू लागले. मधली पिकअप कुणाला नकोशी झाली. मग कंपनीने तिचंच नवं रूप आणलं. पुढे पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे आखूड हौदा, चकचकीत रंग. एका गाडीत दोन कामं, असं शोरूमबाहेर लावलं. मॅनेजर समीक्षाला म्हणाले, "मॅडम, या महिन्यात यातल्या दोन गेल्या पाहिजेत. नाहीतर फिल्डवरचं काम दुसऱ्याला द्यावं लागेल."

ते काम गेलं तर ती इथे राहणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. पुण्यातल्या माझ्या बहिणीने एका ऑफिसात तिच्यासाठी कधीचं विचारून ठेवलंय. तिचे बाबा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने समुद्रात. ती गेली की घरात मी एकटी.

अशात शेजारचे भाई तयार झाले. भाई बारा वर्षं जुन्या पिकअपमधून लोकांचे मासे भाड्याने गोव्याला नेतात. त्यांच्या सुनेने, दीपिकाने, माडांत दोन खोल्यांचा होमस्टे काढलाय. तिला पाहुण्यांसाठी गाडी हवी, भाईंना माशांसाठी. दोघांची भांडणं मिटवणारी एकच गाडी म्हणजे समीक्षाची. फक्त भाईंच्या घरात देवीला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा येत नाही. सातेरीच्या देवळात कौल लावायचा दिवस ठरला. समीक्षाने डेमोची गाडी देवळासमोर आणायची, म्हणजे देवीलाही दिसेल.

त्या सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "आई, ही गाडी पांढऱ्या पाटीची, खाजगी. भाड्याक पिवळी पाटी लागता. भाड्याचो माल हेच्यात चलना नाय. नाक्यावर धरले तर दंड, आणि अपघात झालो तर विमो नाय. भाईकाकांका सांगूक व्हया."

"तेंका म्हायत नसतला?"

"शोरूममध्ये कोण सांगणा नाय. माका पण सांगू नको म्हटलाहा."

मी कप विसळत होते. पाठ तिच्याकडेच ठेवली आणि म्हटलं, "आज गप रव. सही होऊंदे, मगे सांग."

ती चावी घेऊन बाहेर पडली. मी वळून बघितलं नाही.

देवळात बरीच माणसं जमली होती. गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं भाईंनी स्वतःच घातलं. "ही जी काय नवी गाडी दारात येवची आसा, ती येवंदे, तेच्यातसून घरादाराचा बरा होवंदे, रे म्हाराजा!" सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. थोड्या वेळाने उजवीकडची पाकळी सुटली, म्हणजे देवीचा होकार. दीपिकाने तिथेच फोन काढला आणि गाडीजवळ उभी राहून फोटो घेऊ लागली.

समीक्षाने फाळका पाडला. भाईंच्याच जुन्या गाडीतले रिकामे क्रेट आणून ती एकेक चढवू लागली. जुनीत पन्नास मावायचे. इथे अठराव्याला हौदा भरला.

"तीन फेरे मारीन," भाई हसले. "माका काय घाई आसा? थंड हवेत बसान जातलंय."

"भाईकाका, फेऱ्यांचा नाय," ती म्हणाली, आणि पाटीचं, दंडाचं, विम्याचं सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर. हळू आवाजात, पण काही न गाळता.

भाईंचं तोंड उतरलं. "आता सांगतंस? देवीन उजवो दिल्यार?"

"तुम्ही देवीक गाडीचा इचारलात. पाटीचा खंय इचारलात?"

कुणीतरी खुसकन हसलं, आणि तिथेच बिघडलं. भाईंना सगळं चालतं, देवळात हसं झालेलं चालत नाही.

"तुका विकूची नसात तर तसा सांग," ते म्हणाले. "गाडये विकणारा माणूस गाडी नको म्हणता, ह्या मी जल्मात पयल्यांदा बघतंय. आणि ह्या शाण्या चेडवान आमका आता सातेरीच्या वर बसान कौल देवचो!"

"मी नको म्हणूक नाय. माशांची गाडी पिवळ्या पाटीची घेवा, पाहुण्यांका..."

"जा गो बाये, जा तू." त्यांनी क्रेट स्वतःच उतरवले.

पंधरा दिवसांनी भाईंच्या दारात तीच गाडी उभी राहिली, दुसऱ्या जिल्ह्यातल्या शोरूमची. पेढे द्यायला भाई स्वतः आले. "चेडवाक सांगा वैनी, रंग पण तोच घेतलंय."

आता ते हौद्यावर ताडपत्री बांधून किरणपाणीच्या पुलावरून गोव्याला मासे नेतात. आजवर कुणी अडवलेलं नाही. गाडी सुखरूप परत आली की मला बरं वाटतं. पण त्या बरं वाटण्याच्या खाली आणखी काहीतरी असतं, आणि ते काय आहे हे मला कळतं. शेजाऱ्याचं वाईट व्हावं, निदान थोडं तरी, म्हणजे माझी मुलगी खरी ठरेल. असं मनात येणारी बाई मी आजवर नव्हते.

महिना संपला. एकही गाडी गेली नाही. मॅनेजरांनी तिच्याकडून डेमोची चावी काढून घेतली आणि तिला विम्याच्या नूतनीकरणाच्या टेबलावर बसवलं. ती डबा न संपवता परत आणू लागली. मी पुण्याचा विषय काढला नाही, तिनेही नाही.

परवा तिला चावी परत मिळाली. रेडीला गणपत म्हणून एक बर्फवाले आहेत, कारखान्याचा बर्फ भाड्याने पोचवतात, त्यांना तीच गाडी हवी होती, आणि मुद्दाम समीक्षाच हवी होती. तिने कधीकाळी त्यांच्या मेव्हण्याला पिकअप विकली होती. मॅनेजर तिला म्हणाले, "तुम्ही फक्त गाडी दाखवा. कागदांचं आम्ही बघू. शेवटची संधी समजा."

चावी टेबलावर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. "काय करू?"

त्या सकाळी मी पाठ फिरवून उत्तर दिलं होतं. या वेळी तोंड तिच्याकडे होतं. गप रहा म्हणावं, तर तेच एकदा म्हणून झालं होतं. सांग म्हणावं, तर तिची बॅग भरायला मीच घेतल्यासारखं. शेवटी म्हटलं, "जेवान जा." एवढंच.

आज दुपारी तिचा फोन आला.

"आई, सांगलंय."

"मगे?"

"मगे काय? ते म्हणाले, बरा केलंस, आणि पिवळ्या पाटीची जुनी गाडी बघूक गेले. नवी घेवची नाय म्हणतत."

"आणि तू?"

"चावी देवक कुडाळाक चललंय. ह्यावेळी विम्याचा टेबल पण नाय, नोकरी संपली म्हणान मॅनेजरांनी फोनावरच सांगल्यानी." मागे वाऱ्याचा आवाज होता. गाडी बहुधा कुठेतरी कडेला घेतली होती. "भात लाव. सहाच्या एसटीन येतंय."

ती साडेसातला आली, दोनदा वाढून घेऊन जेवली आणि झोपली. पुण्याच्या बहिणीचा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. उद्या मलाच तिला फोन करावा लागेल.