आलेख जिथं पडतो

वडगाव निंबाळकरच्या शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले आणि बारामतीच्या घरात दहावीच्या गणिताचे व्हिडिओ करू लागले. पद्धत शाळेतलीच. फळ्यावर उदाहरण लिहायचं, "आता तुम्ही सोडवा" म्हणायचं आणि गप्प बसायचं. मुलांचा हात चालू असताना बाईंनी तोंड चालवू नये, हे माझं जुनं मत. उत्तर त्यानंतर.

सुरुवातीला बरं चाललं होतं. मग व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपनीनं आपले हिशेब बदलले. लोक जो व्हिडिओ शेवटपर्यंत बघतात, तोच सगळ्यांपुढं आणायचा. माझे मागं पडले. मुलगा पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकू लागला. "आई, कितव्या मिनिटाला किती लोक बघतायत, त्याचा आलेख बघ ना. तू गप्प बसलीस की लोक पळतात. तेवढं कापून टाक."

राग तर आलाच, पण खरं सांगायचं तर वाईट जास्त वाटलं. पोरं माझ्या उदाहरणापर्यंत येतात आणि कंटाळून निघून जातात? मी काही कापलं नाही. त्यापेक्षा हे सगळं बंदच करावं, असं मनाशी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात कळसला नणंदेकडं गेले. तिची मुलगी दहावीला. डाळिंबाच्या बागेला लागून असलेल्या पडवीत ती मैत्रिणींबरोबर एकाच मोबाईलवर माझाच व्हिडिओ बघत होती. आवाज मोठा यावा म्हणून मोबाईल स्टीलच्या पातेल्यात उभा केलेला. "आता तुम्ही सोडवा," मी पातेल्यातून म्हणाले, आणि भाचीनं मला पटकन बंद केलं.

मी पडवीत शिरत विचारलं, "कंटाळा आला का गं?"

"न्हाय मामी, गणित सोडवायचं हाय की! तवर चार्जिंग कशाला घालवायचं?"

"आणि उत्तर?"

"पुस्तकाच्या मागं असतंय. जुळलं तर परत कशाला लावायचा? न्हाय जुळलं तरच तुमाला उठवतो."

जीव भांड्यात पडला. इतकं हलकं वाटलं की मी हसतच सुटले. नणंदेला वाटलं, वहिनीला ऊन लागलं.

घरी येऊन नवा व्हिडिओ केला. बाकीचे सगळे "शेवटपर्यंत बघा" म्हणून विनवण्या करतात. मी सांगते, "उत्तर जुळलं तर परत यायचं काही काम नाही." आलेख तिथं धाडकन पडतो. मुलगा फोनवर करवादतो. पडू दे की. तेवढ्या पोरांना गणित आलं.