चार नंबर मशीनचं वाक्य

रविवार, ४ जून १९७२. रक्कम महिना पंधरा रुपये, तीन महिन्यांचे पंचेचाळीस. हजर: मी, माझी बायको, माझी आई आणि इंग्रजीचे मास्तर. जागा, पिंपरीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची. एवढं तेव्हाच्या हिशेबाच्या वहीतून उतरवलं आहे. पुढचं आठवणीतलं आहे.

बायको औषधांच्या एका छोट्या खासगी कारखान्यात पॅकिंगला होती. तो कारखाना आता नाही. शंभर शंभर गोळ्यांच्या बाटल्या तिच्यासमोरून जात. त्यांना झाकण लावायचं, लेबल बघायचं, खोक्यात भरायच्या. हे काम आठ तास उभ्यानं. सात वर्षांनी तिच्या पायांच्या शिरा इतक्या सुजल्या की डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करायला सांगितलं. त्याच सुमाराला कारखान्यात लाइन इन्स्पेक्टरची एक जागा निघाली. इन्स्पेक्टरला बसायला स्टूल होतं आणि पगारात अडतीस रुपये जास्त. आमचं ठरलं होतं की जागा मिळाली तर नोकरी, नाही मिळाली तर दिवाळीला राजीनामा.

जागेसाठी परीक्षा होती. तोंडी परीक्षेचं तिला भय नव्हतं. लेखी पेपर पन्नास मार्कांचा आणि इंग्रजीत होता. त्यात वीस मार्कांचा एक प्रश्न असा, की एक इंग्रजी शब्द द्यायचा आणि त्याची पाच वाक्यं करायची, प्रत्येक वाक्यात अर्थ वेगळा. गोळ्या भरायच्या कारखान्याला याचा काय उपयोग, हे मी आजही सांगू शकत नाही. पर्सोनेल ऑफिसर पूर्वी कॉलेजात शिकवत असत असं म्हणत, तेवढंच.

बायको जुनी मॅट्रिक नापास. इंग्रजी वाचता येई, लिहायचा सराव गेला होता. मी एका मोठ्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून, माझं इंग्रजी हजेरी आणि ओव्हरटाइम यांपुरतं. म्हणून मास्तर. ते निवृत्त होऊन संत तुकाराम नगरमध्ये मुलाकडे राहत. आठवड्यातून तीन दिवस सायकलवरून येत आणि आल्या आल्या पाणी मागत.

पहिल्या दिवशी त्यांनी ‘ब्रेक’ शब्द घेतला. गाइडमधलं वाक्य सांगितलं, ‘आय ब्रोक द ग्लास.’ बायकोनं पेन्सिल खाली ठेवली.

“मी ग्लास फोडलेला नाही.”

“अहो बाई, वाक्य आहे ते. कुणी तुमच्या नावावर ग्लास लावत नाहीये.”

“पण ‘मी’ म्हणून लिहायचं ना?”

“बरं, ‘ही’ लिहा. त्यानं फोडला.”

“कुणी?”

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. मी हसलो, पण ती हसली नाही. तिनं सांगितलं ते मला ठाऊक होतं, मास्तरांना नव्हतं. आदल्या वर्षी तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या बाईनं बाटल्या न मोजता तक्त्यात आकडा लिहिला, खाली सही केली, ते पकडलं गेलं आणि ती पंधरा दिवस बिनपगारी घरी बसली. पॅकिंगच्या त्या हॉलमध्ये जे लिहिलं ते घडलं असं धरत. लिहिलं नाही ते घडलंच नाही असंही धरत. सात वर्षांत तिचा हात त्याच वळणाचा झाला होता. न घडलेली गोष्ट लिहायला तो उचलतच नव्हता.

“मग गाइड जाळून टाका,” मास्तर म्हणाले. “परीक्षेत वीस मिनिटं मिळणार. वीस मिनिटांत पाच खऱ्या गोष्टी कुठून आणणार? त्यापेक्षा पाठ केलेलं बरं.”

मलाही तसंच वाटलं, आणि मी तसं बोललोही. आई आतून म्हणाली, “येवढी शिकून खोटं ल्ह्यायला मास्तर लावलाय व्हय?” मास्तर त्या दिवशी चहा न घेता गेले.

तिनं मात्र गाइड बाजूला ठेवलं ते ठेवलंच. एक शब्द घ्यायची, शब्दकोशात त्याचे अर्थ बघायची, आणि मग प्रत्येक अर्थाची खरी गोष्ट शोधत दिवसभर हिंडायची. बसमध्ये बायकांना विचारायची. आईला चाकणकडच्या आमच्या गावातलं विचारायची, विहिरीवर कोण काय ओढायचं, गुऱ्हाळात काय पिळायचं. मास्तर आले की वही पुढे करायची. ते व्याकरण सुधारत. खरंखोटं ते बघत नसत, ती बघे. एकदा आईनं गावच्या बाजारचा एक किस्सा सांगितला, तो तिनं लिहिला, आणि दोन दिवसांनी काट मारली, कारण आईला साल नीट आठवेना. जुलैअखेर वहीत एकतीस शब्द आणि एकशे छत्तीस वाक्यं होती. मी मोजली होती. मोजता मोजता वाचलीही, आणि मला कसंसंच झालं. आमचं सगळं घर त्यात होतं. मी कधी न बघितलेलं पुष्कळ होतं. पावसाळ्यात दाराची खालची फळी फुगते, आमची मुलगी झोपेत आकडे बोलते, मी पगाराच्या दिवशी चप्पल काढायच्या आधी पाकीट काढतो. इंग्रजी मोडकं होतं. पण त्यात एकही गोष्ट चुकीची नव्हती, हे मी कोर्टात सांगेन.

ऑगस्टमध्ये मास्तरही बदलले. सायकल लावता लावता विचारू लागले, “आज काय घडलं?”

परीक्षा सप्टेंबरात एका शनिवारी झाली. संध्याकाळी ती घरी आली, पाय कोमट पाण्यात घालून बसली आणि आम्हाला पेपर सांगितला. शब्द आला होता ‘रन’. तो वहीत नव्हता.

“मग?” मी म्हणालो.

“पळण्याचं काही सुचेना. आपल्याकडे पळतं कोण? मग म्हटलं, यंत्राला ते ‘रन’ म्हणतात. म्हणजे आपलं चालणं. मग एकेक दिसायला लागलं.”

तिनं वाक्यं म्हणून दाखवली. पहिलं, ‘वॉटर रन्स इन अवर टॅप फ्रॉम सिक्स टू सेव्हन.’ दुसरं, ‘द फॅक्टरी बस रन्स अॅट फाइव्ह फोर्टी.’ तिसरं, ‘माय मदर-इन-लॉ रन्स द हाउस.’ याचा अर्थ आईला सांगितल्यावर आई म्हणाली, “त्ये साह्यबाला कळलं ते बरं झालं, ह्या घरात कुणाला कळत न्हाई.” चौथं, नव्या लाल साडीचा रंग गेला त्याचं, त्यालाही ‘रन’च म्हणतात. माझे दोन शर्ट त्या दिवशी गुलाबी झाले होते.

आई विचार करत बसली होती. “आपल्यात घर चालतं, गिरणी चालती, जीभ चालती. त्यांच्यात समदं पळतं व्हय?”

“हो, आत्या.” सासूला ती आत्याच म्हणे.

“दमत न्हाईत का?”

त्या दोघी हसल्या. मी हसता हसता थांबलो. एवढंसं तीन अक्षरांचं यंत्र, आणि त्यात नळ, बस, माझी आई आणि साडी, सगळं बसतं, शिवाय ते आमच्याच घरातून उचललेलं. आकड्यांखेरीज दुसऱ्या कशाबद्दल मला तोवर असं वाटलं नव्हतं.

मग तिनं पाचवं सांगितलं. ‘नंबर फोर मशीन रन्स शॉर्ट, वन टॅब्लेट इन एव्हरी ट्वेल्फ्थ बॉटल.’ चार नंबरचं मशीन दर बाराव्या बाटलीत एक गोळी कमी टाकतं.

मी विचारलं, “हे खरं आहे?”

“चार महिने बघते आहे. बारा पट्ट्या आहेत, एकेक पट्टी एकेक बाटली भरते. एका पट्टीची गोळी बसायची एक खाच झिजली आहे. सुपरवायझरना दोनदा तोंडी सांगितलं. ते म्हणाले, पावडर अडकते, ब्रशनं झाडून घ्या.”

लेखी कुणी दिलं नव्हतं, कारण लेखी दिलं की मशीन बंद, मशीन बंद की त्या दिवसाचा उत्पादन भत्ता बंद. भत्ता माणशी रोज दीड रुपया होता. आणि आता तिनं ते लेखी दिलं होतं, आपल्या नावाच्या पेपरात, पर्सोनेल ऑफिसरच्या हातात. मोजणी उलट निघाली तर खोट्या तक्रारीची चार्जशीट. मग स्टूल तर सोडाच, नोकरीही राजीनाम्यावाचून गेली असती.

रविवारभर मी तिला एकच सांगितलं. विचारलं तर उदाहरण होतं म्हण. परीक्षेतल्या वाक्याला कोण धरतं?

“पेपरावर माझं नाव आहे,” ती म्हणाली, आणि भाजी चिरत राहिली.

सोमवारी दुपारी बोलावणं आलं. मी तिथे नव्हतो. तिनं सांगितलं तसं लिहितो. पर्सोनेल ऑफिसरच्या टेबलावर पेपर होता, शेजारी सुपरवायझर उभे. ऑफिसरनी पाचव्या वाक्यावर बोट ठेवलं. “बाई, हे वाक्य आहे की रिपोर्ट?”

ती बोलण्याआधी सुपरवायझर म्हणाले, “उदाहरण आहे साहेब. परीक्षेत कुणी खरं लिहितं का? सांगा ना बाई, उदाहरण आहे म्हणून.” तो माणूस वाईट नव्हता असं ती अजून म्हणते. तो तिला वाट काढून देत होता.

ऑफिसर म्हणाले, “उदाहरण असेल तर चारपैकी चार मार्क देतो आणि विषय संपला. रिपोर्ट असेल तर मोजावं लागेल. नीट विचार करा.”

ती म्हणाली, “साहेब, मोजा. पहिली कमीची बाटली सापडली की तिथून बारावी उघडा.”

मशीन थांबवलं. ओळीनं भरलेल्या साठ बाटल्या बाजूला काढल्या आणि लॅबमधले केमिस्ट ट्रेवर ओतून मोजायला बसले. नऊ बायका हात बांधून उभ्या, ती धरून. एकजण हळूच म्हणाली, “इन्स्पेक्टर तू होणार आणि भत्ता आमचा जाणार. छान आहे, बाई.” पहिल्या सहा बाटल्यांत शंभर निघाल्या. सातवीत नव्याण्णव. केमिस्टनी ती पुन्हा मोजली. मग मधल्या सोडून एकोणिसावी उघडली. नव्याण्णव. एकतिसावी, त्रेचाळिसावी, पंचावन्नावी. मग राहिलेल्या सगळ्या. साठांत पाच कमी, आणि पाचही बरोबर बारांच्या अंतरानं.

हे ती मला सांगत होती तेव्हा मी कागदावर सात, एकोणीस, एकतीस असं मांडत होतो. आकडे एकाखाली एक आले तेव्हा मी पेन्सिल खाली ठेवली. मी जन्मभर लोकांचे तास मोजले, पण ते दुसऱ्यांनी मला दिलेले. तिनं चार महिने उभ्यानं, दुखऱ्या पायांनी, कुणी सांगितलं नसताना एका खाचेचा हिशेब डोक्यात ठेवला होता. तो मांडायला तिला परक्या भाषेतला एक शब्द मिळाला, त्याच दिवशी तिनं तो मांडला. या बाईबरोबर मी अकरा वर्षं एका घरात राहत होतो. त्या रात्रीच्या जेवणात तिनं मला मीठ मागितलं आणि मी उठून उभा राहिलो. आई म्हणाली, “ह्याला काय झालं?”

मशीन दोन दिवस बंद राहिलं. पट्टी बदलली. सुपरवायझरला समज दिली, त्यापेक्षा जास्त काही केलं नाही. पेपरात तिला पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले. दोन मार्क साडीच्या वाक्यात क्रियापद चुकलं म्हणून गेले. ते वाक्य खरं होतं, पण व्याकरण व्याकरण असतं. १ ऑक्टोबरपासून ती इन्स्पेक्टर झाली. मास्तरांचे पंचेचाळीस महिन्याच्या महिन्याला दिले होते, बाकी नव्हती.

हॉलमध्ये महिनाभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. पगाराच्या दिवशी दोन दिवसांचा भत्ता कापून आला, तेव्हा तर एकीनं डबाच उचलून दुसरीकडे नेला. इन्स्पेक्टरच्या वहीत रोज मागच्या बंद वेळांची कारणं लिहायची असत. त्या दोन दिवसांसमोरची जागा कोरीच होती. तिनं तिथे इंग्रजीत एक ओळ लिहिली: मशीन पट्टी झिजल्यामुळे बंद होतं, कामगार हजर होते आणि उभे होते. खाली सही आणि तारीख. ऑफिसरनी ती ओळ वाचली, हजेरीशी ताडली आणि ‘पे’ असा शेरा मारला.

नोव्हेंबरच्या पगारात ते पैसे आले. दोन दिवस, रोज दीड रुपया, म्हणजे माणशी तीन. एकूण सत्तावीस रुपये, नऊ जणींना. त्या दोन दिवसांत तीही लाइनवर पॅकर म्हणूनच उभी होती, म्हणून त्यातले तीन तिचे.