पीकपाणी सांगणारी शालनवहिनी

उत्तरा नक्षत्र लागलं होतं. त्या शुक्रवारी सकाळपासून मी फोन ओट्यावर ठेवूनच कामं करत होते. मंगळवार आणि शुक्रवार हे वहिनीच्या आवाजाचे वार. चहा उकळायच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर तिचं बोलणं यायचं, ‘राम राम, सांगवीवरनं शालन बोलतीय,’ आणि मग बाजरी, मका, ऊस, डाळिंब, वारं, ऊन, पाऊस... त्या दिवशी चहा झाला, डबा झाला, धुणं वाळत घालून झालं, तरी काही आलं नाही. वहिनी आजारी होती, बारामतीला दवाखान्यात होती; पण तिथूनही तिनं एकही वार चुकवला नव्हता. जेवणाच्या आधी फोन वाजला. सोनालीचा, वहिनीच्या लेकीचा. ‘आत्या...’ एवढंच म्हणाली आणि थांबली. पुढचं तिला सांगावं लागलं नाही. बाहेर आभाळ भरून आलं होतं. मी फोन ठेवला, गॅलरीत गेले आणि वाळत घातलेले कपडे एकेक करून काढायला लागले. अर्धे तसेच दोरीवर राहिले.

शालनवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. तिचं माहेर वडगाव निंबाळकरचं, दुभत्या जनावरांचं घर. लग्न होऊन ती सांगवीला आली तेव्हा मी शाळेत जात होते, दोन वेण्या घालून. पण नणंद ती नणंद, म्हणून ती मला ‘वन्सं, तुमी’ म्हणायची आणि मी पहिल्या दिवसापासून तिला ‘तू’. पुढं माझं लग्न झालं, मी वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायला आले, माझे केस पांढरे झाले, तरी ते ‘वन्सं, तुमी’ काही सुटलं नाही. दादाचा स्वभाव तापट. वडिलांशी त्याचं पटायचं नाही, भावकीत कुणाशी नीट बोलायचा नाही. पण काय पेरायचं, कुठली गाय ठेवायची, हे संध्याकाळी चुलीपुढं बसून तो वहिनीला विचारायचा आणि सकाळी आपलंच ठरलंय अशा आवाजात सगळ्यांना सांगायचा. आजूबाजूला सगळीकडे ऊस उभा असताना आमच्या रानाचा एक तुकडा दरवर्षी बाजरीला राहायचा, तो वहिनीमुळंच. ‘उसाची काय भाकरी हुती व्हय?’ असं ती म्हणायची, आणि दादा हसायचा.

दादा गेला तो परतीच्या पावसात. तीन दिवस कोसळत होतं. वरच्या धरणातून पाणी सोडलं आणि नीरा फुगत चालली. नदीकाठी आमची पाणी उपसायची मोटार होती. दुपार कलताना दादा ती काढायला गेला. लोखंडी दोर सोडवताना त्याचा पाय सरकला, असं पलीकडच्या काठावरून बघणाऱ्यानं नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी तो सापडला. सांगवीवरून गेलेलं पाणीच पुढं आमच्या बाजूला येतं. त्या रात्री मी वालचंदनगरला होते आणि रस्ता बंद म्हणून निघता येत नव्हतं... त्याबद्दल याहून जास्त मला आजही लिहवत नाही. सोनाली तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. वहिनी रडली ती फक्त एकदा, मला बघितल्यावर. त्यानंतर तिनं बाजरी काढून घेतली, मळून घेतली. मोटार मात्र पुन्हा नदीवर बसवली नाही. विहिरीवर भागवलं.

पीकपाणी सांगायला तिनं कधी सुरुवात केली ते कुणालाच नेमकं आठवत नाही. बचत गटातल्या बायकांच्या फोनवर शेतकी खात्याकडून हवामानाचा निरोप यायचा. छापील भाषा, त्यात ‘तुरळक ठिकाणी’ आणि ‘मध्यम स्वरूपाचा’. वाचायला कुणाला वेळ नव्हता, कुणाला चष्मा नव्हता. एक दिवस वहिनीनं तो निरोप वाचला आणि आपल्या भाषेत बोलून गटावर टाकला. बायकांनी तो नवऱ्यांना ऐकवला, नवऱ्यांनी पुढं पाठवला. बघता बघता वडगावपासून इंदापूरपर्यंत लोक ऐकायला लागले. मग तीही नुसता निरोप वाचेना. आदल्या दिवशी चार गावांना फोन करून विचारायची, कणसं कशी आहेत, जमिनीत ओल किती आहे. ‘आपल्याकडं बाजरीत दाणा भरलाय, पाखरं राखायला माणूस ठेवा. मक्याच्या पोंग्यात आळी बघा. इंदापूरकडं अजून म्हणावा तसा पाऊस न्हाय, तितल्या लोकांनी ज्वारी पेरायची घाई करू नये. उद्या वारं हाय, उसाला आज पाणी देऊ नका, लोळंल.’ असं. आणि भादव्यापासून दिवाळीपर्यंत प्रत्येक वेळी शेवटी एकच वाक्य: ‘नदीला पाणी वाढलं तर मोटारीपायी कुणी उतरू नका. मोटार दुसरी मिळती.’ ती कुणाची बायको होती हे गावाला माहीत होतं. त्यामुळं या वाक्यावर कुणी काही बोलायचं नाही.

एका वर्षी मात्र तिचं चुकलं. निरोपात उघडीप लिहिली होती, तिनं तसंच सांगितलं. लोकांनी बाजरी कापून रानातच वाळायला ठेवली. आणि भर उन्हातून अचानक पाऊस आला तो दोन दिवस हटला नाही. कणसांना मोड फुटले. आमच्या शेजारचे महादूतात्या, पूर्वी मेंढरं घेऊन हिंडणाऱ्या घरातले, आता चांगली शेती करणारे, जवळजवळ वडिलांच्या वयाचे. ते ओंजळभर मोड आलेली कणसं घेऊन आले आणि वहिनीच्या उंबऱ्यावर टाकून म्हणाले, ‘घे. तुझी बाजरी.’ तेवढंच बोलून गेले. मी नेमकी तिथं होते. वहिनीनं ती कणसं उचलली, पदरात घेतली, जनावरांपुढं टाकली. मी म्हटलं, ‘अगं, निरोप काय तू लिहिला होतास?’ तर म्हणाली, ‘आवाज माझाच हुता की, वन्सं.’

त्यानंतर मंगळवार गेला, शुक्रवार गेला, ती काही बोलली नाही. मला वाटलं, संपलं हे. पण लोकांचे फोन यायला लागले. इंदापूरकडच्या एका बाईनं विचारलं, ‘आवो ताई, बरं न्हाय का?’ पुढच्या मंगळवारी वहिनी बोलली. सुरुवातीलाच म्हणाली, ‘मागच्या वेळी माझं सांगणं चुकलं. लई जणांचं नुकसान झालं. इथनं पुढं मला खात्री नसंल तर तसं सांगीन.’ आणि खरोखर, त्यानंतर तिच्या बोलण्यात ‘मला सांगता येत न्हाय’ हे वाक्य वारंवार यायला लागलं. पण महादूतात्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

दोन-तीन वर्षांनी पुन्हा दादा गेला त्या वेळसारखा पाऊस झाला. मी गौरीसाठी म्हणून सांगवीला आलेली, रस्ता खराब म्हणून अडकून राहिलेली. पाणी सोडल्याचं कळलं तसं वहिनीनं सकाळीच सगळ्यांना सांगून टाकलं. दुपारी आम्ही गोठ्यात होतो. बघतो तर महादूतात्या खांद्यावर दोर टाकून नदीच्या वाटेला लागलेले. वहिनीनं हातातली पाटी टाकली आणि पळाली. मी मागून. चिखलात माझी चप्पल राहिली. ती आडव्या बांधावरून उतरून त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिली.

‘तात्या, माघारी चला.’

‘बाजूला हो. तुझं ऐकून एकदा बुडालोय मी.’

‘व्हय, चुकलं माझं. आभाळाचं मला कळत न्हाय. पण ह्या पाण्याचं कळतं.’

तात्या तिला चुकवून जायला बघत होते. वाट अरुंद, दोन्हीकडं ऊस. तेव्हा वहिनी सरळ त्या चिखलात खाली बसली. मांडी घालून, जेवायला बसावं तशी. म्हणाली, ‘जायचं असंल तर मला वलांडून जावा.’ पाऊस पडतच होता. तात्या कितीतरी वेळ उभे राहिले. तोंडातल्या तोंडात शिव्या देत होते, तिला की नदीला, कळत नव्हतं. मग दोर टाकला आणि तेही खाली बसले. उसापलीकडं पाण्याचा आवाज वाढत गेला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या मोटारीचा ओटासुद्धा दिसेनासा झाला. घरी येताना तात्यांनी माझी चप्पल चिखलातून काढून दिली. वहिनीशी मात्र काही बोलले नाहीत. चार दिवसांनी त्यांच्या घरून दुधाची चरवी आली.

गेल्या उन्हाळ्यात वहिनीच्या पोटात गाठ निघाली. पुण्याला नेलं, मग बारामतीला. डॉक्टरांनी सोनालीला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा आषाढ तोंडावर आला होता. वहिनीला न सांगताच सगळं समजलं असावं. तिनं एकच हट्ट धरला, बाजरीची पेरणी डोळ्यापुढं झाली पाहिजे. बांधावर खुर्ची टाकून, डोक्यावर छत्री धरून ती बसली आणि ट्रॅक्टरवाल्याला ‘जरा उथळ धर, उथळ’ म्हणून सांगत राहिली. सोनाली म्हणाली, ‘आई, बास झालं, ऊन लागंल.’ तर म्हणाली, ‘लागू दे गं.’

तिची माझी शेवटची भेट दवाखान्यात. खिडकीतून उन्हाचा एक पट्टा आला होता आणि ती त्यात हात धरून बसली होती. हात अगदी काडीसारखे झालेले. थोडा वेळ बाजरीचं बोललो, सोनालीच्या नोकरीचं बोललो. मग ती म्हणाली, ‘वन्सं, तुमास्नी एक सांगायचं राहिलंय.’ मी म्हटलं, बोल. ती खिडकीकडंच बघत होती.

‘त्या दिवशी ह्यास्नी मीच म्हटलं हुतं, मोटार वाहून जाईल, जरा बघून या. ते आडवं झालं हुतं. मी उठवलं.’

दादा माझा सख्खा भाऊ. इतकी वर्षं ही बाई दर मंगळवारी, दर शुक्रवारी कुणाला सांगत होती, ते मला त्या क्षणी समजलं. मी तिचा हात हातात घेतला आणि म्हटलं, ‘वहिनी, तू सांगून तो गेला नसेल. दादा कधी कुणाचं ऐकायचा का?’ ती माझ्याकडं वळली आणि हसली. दादा आयुष्यभर फक्त तिचंच ऐकत आला, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी माझं खोटं तिनं ठेवून घेतलं. निघताना म्हणाली, ‘उजेडात जावा घरी. पावसाचं मला सांगता येत न्हाय.’

दहावा नदीकाठीच झाला. नीरा शांत होती, पाणी निवळलेलं. महादूतात्या काठी टेकत आले आणि सगळं होईपर्यंत उन्हात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. घरी आल्यावर सोनाली रानात गेली. मीही गेले. बाजरी काढणीला आली होती, कणसं पिवळी पडून वाकली होती. आणि पश्चिमेकडून ढग चढत होते. सोनालीनं सवयीनं फोन काढला, हातात धरला आणि तशीच उभी राहिली. ‘आत्या, कापायची का थांबायचं?’ मला काय सांगता येणार? कितीतरी वर्षं मी क्वार्टरमध्ये राहिलेली बाई. तात्या बांधावरून बघत होते. ते खाली उतरले, एक कणीस तळहातावर चोळलं, भुसा फुंकला, दाणे दाताखाली धरले. म्हणाले, ‘कापा पोरी. पाऊस आला तर आला. मी माणसं आणतो.’ दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या सगळ्या बायका आल्या. कुणाला बोलवावं लागलं नाही. त्या दिवशी पाऊस आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. सगळी कणसं कोरडी घरात आली. तिसऱ्या दिवशी पत्र्यावर पावसाचे थेंब वाजायला लागले, तेव्हा सोनाली पोत्याला टेकून बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. मी तिला रडू दिलं.

आता हस्त संपत आला. मंगळवारी-शुक्रवारी फोन गप्प असतो. सोनालीला लोक विचारतात, ‘तू सांगशील का गं?’ ती म्हणते, बघू.

मागच्या आठवड्यात ती आली होती, नव्या बाजरीचं पीठ दळून घेऊन. मी भाकऱ्या केल्या. घरात सगळ्यांनी खाल्ल्या, छान झाल्यात म्हणाले. वहिनीनं पेरलेलं हे शेवटचं पीक. डब्यात तळाला अजून दोन-तीन भाकऱ्यांचं पीठ उरलंय. बाजरीचं पीठ फार दिवस राहत नाही, कडू होतं. रोज सकाळी डबा उघडते, चिमूटभर जिभेवर ठेवून बघते. अजून गोड आहे. झाकण लावते आणि पोळ्यांची कणीक मळायला घेते.