खालचा सूर

शुक्रवार, पप्पांना जाऊन वर्ष झालं तो दिवस. इकडे आखातात, सालमियातल्या फ्लॅटमध्ये हजर मी एकटा. नगरला आईच्या घरी आई, आणि फोन धरायला माझी मुलगी. ती कॉलेजसाठी पुण्याला गेली तेव्हा बायकोही तिच्याबरोबर गेली. त्याला आता दोन वर्षं झाली.

म्हणायचं होतं एकच गीत. शब्द मराठी, चाल वेल्समधली. कुणा मिशनऱ्याबरोबर ती आमच्याकडे आली, एवढंच मला माहीत आहे. तिकडे ती चार आवाजांत गातात. आमच्या घरी दोनच होते. आईचा वरचा, म्हणजे मूळ चाल, आणि पप्पांचा खालचा, म्हणजे बेस. माझा आवाज फुटला तेव्हा पप्पांनी मला आपल्या बाजूला घेतलं. चाल मी कधी गायलोच नाही. आजही प्रयत्न केला तर दुसऱ्या ओळीला घसरून बेसवर येतो. भांडी घासताना मी जे गुणगुणतो, त्यावरून गीत कोणतं हे कुणालाच ओळखता येणार नाही.

पप्पा गेल्यापासून आई गायली नव्हती. देवळातही, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गीतांचं पुस्तक उघडून नुसती उभी राहायची. "खाली जमीनच नाही रे, उभी कुठं राहू?" असं मला एकदा म्हणाली होती. वर्षाच्या दिवशी मात्र तिला ते गीत म्हणायचं होतं, आणि खाली मी हवा होतो.

पहिल्याच ओळीत फसलो. फोनवर आवाज पोचायला जरा वेळ लागतो. तिचं ऐकून मी सूर लावायचा, तो तिच्याकडे उशिरा जायचा, ती माझ्यासाठी थांबायची, मग मी तिच्यासाठी.

"बैलगाडीतून येतोयस का रे?" आई म्हणाली.

दुसऱ्या वेळीही तेच. तिनं पुस्तक मिटलं. "राहू दे. मी नुसती प्रार्थना करते."

आईनं एकदा 'राहू दे' म्हटलं की ती गोष्ट कायमची राहते.

"बाबा, वेट," मुलगी म्हणाली. "लॅग आहे. तुम्ही आजीला ऐकूच नका. व्हॉल्यूम झिरो करा आणि गा. आजी तुम्हाला फॉलो करेल."

"आणि ती गातेय की नाही, हे मला कसं कळणार?"

"यू वोन्ट."

तिनं पेटीवर सूर दिला. मी आवाज पूर्ण बंद केला आणि सुरू केलं.

दुसऱ्या ओळीत चाल वर चढत जाते तेव्हा बेसला एकच सूर धरून ठेवावा लागतो. रिकाम्या खोलीत तो धरून मी मनात मात्रा मोजत होतो. सूर उतरतोय का, कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या कडव्यात बाहेर असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, बांग सुरू झाली, अगदी वेगळ्या पट्टीत. मी कानावर हात ठेवला. प्रत्येक कडव्यानंतर आईला श्वास घ्यायला जागा सोडली. तिला जरा जास्त लागते. पडद्यावर फक्त छत आणि पंखा दिसत होता. मुलीनं फोन मांडीवर ठेवला असावा.

चार कडवी झाली, आमेन झालं. आवाज वाढवला.

आई मुलीला सांगत होती, "तिसऱ्या कडव्याला पळाला बघ. हे पण तिथंच पळायचे."

"आई, गायलीस?"

"मग काय! पुन्हा म्हणू या का? या वेळी पळू नकोस."

म्हणू या म्हटलं, आणि आवाज पुन्हा शून्यावर आणला.